मामा की काका

रविवार, अकरा जानेवारी. कोरेगावची स्मशानभूमी, सकाळी साडेनऊ. हजर: शालनवहिनी, तिचा मुलगा अभिजित, लष्करातून रजा काढून पहाटे पोचलेला, भावकीतली माणसं, शाळेतले तीन निवृत्त शिक्षक, चाळीसेक माजी विद्यार्थी, त्यातले दोघे वर्दीत, आणि पलूसहून आलेली मी, आण्णाची धाकटी बहीण सुनंदा. गैरहजर: पुण्याचे प्रकाशक, त्यांचा फोन आला होता. आणि माझी मुलगी स्नेहल. ती सात वर्षांपूर्वीच गेली.

आण्णा गेल्याचं आदल्या दिवशी दुपारी चारला कळलं. मी पलूसला टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान चालवते. तेव्हा एका बाईच्या वारसनोंदीचा अर्ज टाईप करत होते. वहिनी फोनवर एवढंच म्हणाली, “वन्सं, निघा.” मी अर्ज पुरा केला, दोन प्रती काढल्या, बाईची सही कुठं यायला हवी तिथं पेन्सिलनं फुली मारली आणि मग निघाले. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. माझा स्वभाव तसाच आहे आणि त्या स्वभावानं काय केलं ते पुढं येईलच. आण्णावर सात वर्षं एक दोष होता. भावकीत, शाळेत, चार बायका जमल्या की तिथंही तो बोलला जायचा. त्या दोषातलं खरं किती हे सांगू शकेल असं माणूस आता माझ्याशिवाय उरलेलं नाही, म्हणून हा लेख.

आण्णा कोरेगावच्या शाळेत बत्तीस वर्षं इंग्रजीचा शिक्षक होता. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, पण मी त्याला अरे-तुरेच करायचे. स्नेहल दहावीत असताना तिचे वडील गेले. तेव्हापासून तिच्या शाळेच्या दाखल्यापासून लग्नाच्या याद्यांपर्यंत प्रत्येक कागदावर आण्णाचा हात फिरला. लग्नात मामानं भाचीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं असतं. आण्णानं ते इतकं जपून केलं की फोटोवाला ओरडला, “गुरुजी, जरा भरभर या की, मुहूर्त निघाला!” तिला शिरवळला दिली होती. जावई तिथल्या कारखान्यात, घरची थोडी शेती. दीड वर्षांनी एका सकाळी ती पिशवी घेऊन एकटीच कोरेगावला आण्णाच्या दारात उभी राहिली. पलूसला आईकडं आली नाही, मामाकडं गेली. दोन दिवसांनी आण्णा तिला शिरवळला परत घेऊन गेला आणि तीन आठवड्यांनी ती सासरच्या शेतातल्या विहिरीत सापडली. चौकशी झाली. पाय घसरला असं लिहिलं गेलं. “मामानं पोचवली,” असं लोक म्हणाले. आमच्याकडं लेकीला सासरी पोचवतात आणि मेलेल्या माणसालाही पोचवतातच. कुणी कुठल्या अर्थानं म्हणतंय ते त्या दिवसांत मला कळेनासं झालं होतं. आण्णा कुणालाच उलटून बोलला नाही. कुणी तोंडावर विचारलं तर म्हणायचा, “व्हय. मीच पोचवली.”

त्यानंतर सहा वर्षं आम्ही भाऊबहीण बोललो नाही. भाऊबीजेला मी अभिजितला दिवाळीच्या पैशांची पाकिटं टपालानं पाठवत होते, तेवढंच. मग गेल्या वर्षी उन्हाळ्यात एसटीच्या पार्सलनं एक गठ्ठा आला. आण्णाच्या हातची पहिली चौऱ्याण्णव पानं, डावीकडं समास सोडून, प्रत्येक ओळ फळ्यावर लिहिल्यासारखी सरळ. वर एक चिठ्ठी: “टाईप करून हवे आहे. दर नेहमीचा.” एका अमेरिकन थरारकथा-मालिकेतल्या पहिल्या कादंबरीचा तो अनुवाद होता. मालिकेत वीसेक पुस्तकं आहेत म्हणे, तिकडं विमानतळावर गरम भज्यांसारखी खपतात. पुण्याच्या प्रकाशकांना पहिलं पुस्तक चाललं तर पुढची काढायची होती आणि त्यांनी ते निवृत्तीनंतर घरी बसलेल्या आण्णाकडं दिलं होतं. गठ्ठा परत पाठवावा असं एक दिवस वाटलं. दुसऱ्या दिवशी कामांच्या वहीत त्याला नंबर दिला आणि टाईप करायला घेतला.

गोष्ट अशी होती. बर्फाळ मुलखातलं एक लहान गाव. हायवे पोलिसातली एक विधवा बाई. गोठलेल्या तळ्याखाली एकोणीस वर्षांच्या मुलीचं प्रेत सापडतं. मुलीनं मैत्रिणीच्या फोनवर ठेवलेला शेवटचा निरोप फक्त दोन शब्दांचा असतो: अंकलला विचार. घरात अंकल दोन, एक बापाचा भाऊ आणि एक आईचा. इंग्रजीत दोघांना शब्द एकच, त्यामुळं पोलीस बाई दोनशे पानं भलत्याच माणसामागं फिरते. आण्णानं पहिल्या पानापासून त्या शब्दाला “काका” लिहिलं होतं.

आमची कामाची रीत अशी ठरून गेली. टाईप करताना मला जे अडेल ते मी एका कागदाच्या डाव्या बाजूला नंबर घालून लिहायची, शंकांची यादी म्हणून. तो उजवीकडं लाल शाईनं उत्तर द्यायचा आणि पुढच्या पार्सलात यादी परत यायची. बाकी पत्र नाही, फोन नाही. “पान ८: मुलीची आई पोलीस बाईला अहो म्हणेल की अगं?” उत्तर: “आधी अहो. रडायला लागली की अगं.” “पान १९: बर्फ हटवणारी गाडी केवढी?” उत्तर: “ऊस नेणाऱ्या ट्रॉलीएवढी लिही, पलूसला समजेल.” “पान २६: सकाळी धिरड्यावर काकवी? अमेरिकेत?” उत्तर: “त्यांच्या झाडाचा पाक असतो. चवीला आपली काकवीच. राहू दे.” तीन महिन्यांनी मी एका यादीत अठ्ठाविसावी शंका घातली: “डायलिसिस सुरू केलं असं ऐकलं. खरं का?” उत्तर आलं: “हो. आठवड्यातून दोनदा, साताऱ्याला. पान १८८ वर ‘दुःखी’चा विसर्ग राहिलाय.”

त्याच यादीत वर सातव्या क्रमांकाला, पहिल्या यादीपासून तसाच पुढं आलेला, पान बाराचा प्रश्न होता: “अंकल म्हणजे मामा की काका?” त्यावर त्यानं दर वेळी एकच लिहिलं होतं, “थांब.” पुढं दोनशे अकरावं पान टाईप करताना मला कळलं की खून आईच्या भावानं केलाय. म्हणजे मामानं. पुस्तक आधी वाचल्याशिवाय कुणी भाषांतर करत नाही, म्हणजे आण्णाला हे पहिल्यापासून ठाऊक होतं आणि तरी तो दोनशे पानं काका-काका लिहीत आला होता. मला राग आला. सगळं आयुष्य याद्यांत नीट मांडणाऱ्या बाईला चुकीचा शब्द जागेवर बघवत नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. त्यानं मामाला वाचवलं होतं.

मी एका झटक्यात काम उरकायचं ठरवलं. मजकुरात काका होते तशा काक्याही होत्या, म्हणून “काका” न शोधता मी संगणकाला नुसतं “काक” शोधायला सांगितलं आणि सगळीकडं “माम” घालायला. काकाचा मामा, काकीची मामी, एका दमात. स्वतःवर खूश होऊन छापलं आणि न तपासता पार्सल लावलं. तिसऱ्या दिवशी दुकानात फोन वाजला.

“सुने,” सहा वर्षांनी तो आवाज, जरा बारीक झालेला. “ह्या पोलीस बाईनं धिरड्यावर मामवी घेतलीया. कुठल्या गुऱ्हाळात मिळती गं ही मामवी?”

मला आधी कळेचना.

“आणि ती पोरगी बर्फात मामडत बसलीया. तिचा बाप मामुळतीला आलाय. व्हय गं, हे सगळं मामाचंच गाव झालंया की!”

मग मात्र मी हसले. दुकानात झेरॉक्सला थांबलेले दोघे बघायला लागले तरी मला थांबता येईना. पलीकडं आण्णाही हसत होता, मधेच त्याला खोकला यायचा आणि तो पुन्हा “मामवी” म्हणायचा. मग त्यानं घोटभर पाणी प्यालेलं ऐकू आलं.

“सुने,” तो म्हणाला, “मामाच करायचं का मग?”

“आईचा भाऊ आहे तो. मामाच होतो.”

“व्हय,” तो म्हणाला. “मामाच हाय.” आणि फोन ठेवला.

पुढच्या पार्सलात माझीच छापील पानं परत आली. काकवी, काकडणं, काकुळती सगळं लाल शाईनं दुरुस्त केलेलं. पण जिथं जिथं नात्याचा शब्द होता तिथं त्यानं मामा खोडला होता आणि वर काका लिहिलं नव्हतं. नुसती मोकळी रेघ. “त्या रात्री ____ घरी नव्हता.” “____ नं गाडी काढली.” मी मोजली नाहीत, पण पानामागून पान तशीच होती. सातव्या शंकेपुढं लिहिलं होतं: “भेटायला ये.”

साताऱ्याच्या दवाखान्यात मी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेले, त्याच्या डायलिसिसच्या दिवशी. वहिनी बाहेर औषधाच्या रांगेत होती. आण्णाच्या हाताला यंत्राच्या नळ्या जोडलेल्या. तोंड सुजलेलं, पाय काडीसारखे. उशाशी तीच कादंबरी, मूळ इंग्रजी, मुखपृष्ठावर गोठलेल्या तळ्याचं चित्र. मी काय आणलंय ते सांगितलं, काय टाईप झालं, काय उरलं ते सांगितलं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, “तुझी यादी संपली असली तर मी बोलू का?”

मी मान हलवली.

“त्या दिवशी तिला घिऊन चाललो हुतो तवा शिरवळच्या अलीकडं रसाच्या गाड्यावर थांबलो. तिनं रस घेतला न्हाई. म्हनली, मामा, आईला एक फोन लावू का? म्हनलं, लाव की. तिनं लावला. लय वेळ वाजला. मग फोन पिशवीत टाकला न् म्हनली, चला.”

मी त्याच्या उशाचं पुस्तक सरळ केलं.

तो फोन का वाजत राहिला ते आता मला सांगायचं आहे. स्नेहल कोरेगावला आली त्याच संध्याकाळी आण्णानं मला फोन केला होता. म्हणाला होता, पोर खात न्हाई, बोलत न्हाई, आठ-पंधरा दिवस हितंच ऱ्हाऊ दे, मग बघू. मी म्हणाले, आठ दिवस राहिली की ती पुन्हा जायचीच नाही. लोकांना काय सांगायचं? तिचे वडील असते तर वेगळं होतं. तू तिला पोचव. तो पुन्हा म्हणाला, सुने, ऐक की माझं. मी पुन्हा म्हणाले, पोचव. शब्द माझा होता, तो दोनदा उच्चारलेला मला नीट आठवतो. आणि दोन दिवसांनी दुपारी दोनच्या सुमाराला स्नेहलचा फोन आला तेव्हा मी टेबलापाशीच होते. तिचं नाव दिसत होतं. ती रडेल, मी विरघळेन आणि ठरलेलं मोडेल, म्हणून मी तो वाजू दिला. वहीत लिहिलं: “स्नेहलला फोन.” संध्याकाळी केला. ती म्हणाली, “पोचले.” मी त्या ओळीवर टिक केली.

आण्णाला हे सगळं ठाऊक होतं. पोलिसांपुढं, बैठकीत, वहिनीपुढं, सख्ख्या मुलापुढंही त्यानं ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. आणि मी, जी त्याच्याशी सहा वर्षं बोलले नाही, ती लोकांना वाटू देत होते की मी भावावर रागावलेय.

“का सांगितलं नाहीस?” मी विचारलं.

“एका पोरीमागं दोघं कशाला मरायची?” तो म्हणाला. “एकाच्या नावावर ऱ्हाऊ दे म्हनलं. तू आई हायस. तुला झेपलं नसतं.”

“आणि तुला झेपलं?”

त्यानं नळ्या लावलेल्या हाताकडं बघितलं आणि जरासा हसला. “हे काय, दिसतंय की.”

मी पानं पिशवीत भरायला लागले, कारण मला दुसरं काही सुचेना. दोनदा भरली, दोनदा काढली. तो माझ्या हाताकडं बघत होता. मग एकदम शाळेतला आवाज काढून म्हणाला, “सातवी शंका लिहून घे. मामा. पयल्या पानापास्नं मामा.”

“आण्णा, बाराव्या पानावरच फुटेल की सगळं. रहस्य काय राहिलं मग?”

“फुटू दे. आपल्याकडं कुनी केलं हे समद्यांना पयल्या दिवसापास्नंच ठावं असतंय. तरीबी मानसं ऐकत बसत्यातच की… कसं झालं म्हनून.” मग म्हणाला, “मला ते लिव्हायला जमलं न्हाई. हात थांबायचा. तू लिव्ह.”

वहिनी औषधं घेऊन आली आणि आम्ही मोजून प्यायचं पाणी, मिठाचं पथ्य असं बोलायला लागलो. पुढं महिन्यानं तो गेला.

सावडण्याच्या दिवशीच मी पलूसला परतले आणि त्या रेघा भरायला बसले. या वेळी संगणकाला शोधायला सांगितलं नाही. एकेका रेघेवर थांबून हातानं म, म, दोन काने. “त्या रात्री मामा घरी नव्हता.” “मामानं गाडी काढली.” चार दिवस लागले. काकवी काकवीच ठेवली. प्रकाशकांनी फोन करून सुचवलं की सरळ अंकलच ठेवू, आजकाल चालतं, नाहीतर पुस्तकातला थरार जातो. मी म्हणाले, अनुवादकाचा शेवटचा निर्णय माझ्याकडं लेखी आहे. लेखी नव्हता. मीच लिहून घेतला होता. पण त्यांनी मानलं आणि पुस्तक आता छपाईला गेलं आहे. त्यावर फक्त आण्णाचं नाव येईल. अर्पणपत्रिका त्यानं आधीच लिहून ठेवली होती, “भाचीस.” नाव घातलेलं नाही.

तेराव्याला पुन्हा कोरेगावला गेले. जेवणं उरकली होती, बायका ओसरीवर बसल्या होत्या. वहिनी आतून आली. सगळ्यांच्या देखत माझ्या पायाशी वाकायला लागली. ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. मी तिचे खांदे धरले. ती म्हणाली, “वन्सं, आमच्या मानसानं तुमच्या लेकीचं वाटोळं केलं. सात वर्सं तुमाला तोंड दाखवायची लाज वाटली मला. आता ते गेलं… मनात काय ठिवू नगा त्यांच्याविषयी.”

अभिजित दारात उभा होता, खाली बघत. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. तेवढं बोलले असते तर आण्णाच्या नावावरचं सगळं तिथंच, त्याच्याच घरात, त्याच्या बायकोपुढं आणि मुलापुढं उतरलं असतं. बायकांतली एक पदरानं डोळे पुसायला लागली. मी म्हणाले, “असू दे, वहिनी.” मग विचारलं, “मागच्या पंगतीला पत्रावळ्या पुरल्या का?”

वहिनी म्हणाली, “पुरल्या.” आणि आत गेली.

अभिजित परत नोकरीवर गेला आहे. वहिनी घरात एकटी असते. ती वर्तमानपत्र वाचत नाही, पण शेजारची निवृत्त मुख्याध्यापिका वाचते आणि ती ही पुरवणी आली की सकाळी आठच्या आत वहिनीच्या दारात असेल. म्हणून हा लेख छापून येण्याआधी मी कोरेगावला जाऊन वहिनीला तोंडानं सांगायचं, नंतर अभिजितला फोन करायचा आणि मगच लेख द्यायचा, असा क्रम ठरवला होता. मागच्या शनिवारी सकाळी पलूसहून निघाले. कराडला गाडी बदलायची होती. साताऱ्याकडची गाडी समोर लागली, वाहकानं दोनदा आवाज दिला, आणि मी पलूसच्या गाडीत बसून परत आले. त्याच्या आधीच्या शनिवारीही असंच झालं. लेख मात्र काल पोचता केला, या ओळी आज मागून जोडतेय.

आज गुरुवार आहे. पुरवणी रविवारी येते. वहिनीला अजून सांगायचं आहे.